वेरूळ-अजिंठा, लालपरीने आणि दोन दिवसात: पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

परभणी, हिंगोली, लातूर, बीड इकडची कितीतरी पोरं-पोरी गोवा करून आली, मनाली करून आली, पण वेरूळ म्हणलं की "शाळेच्या सहलीत गेलतो की" एवढंच सांगतात. आणि सहलीत काय बघणं झालं असणार, दोनदोनच्या रांगेत कैलास लेण्यात अर्धा तास, मंग डबा, मंग मकबरा, मंग अंधार पडायच्या आत बसमध्ये. जगाच्या दुसऱ्या टोकाची माणसं पैसे साठवून साठवून जे बघायला येतात ते आपल्यापासून एका रात्रीच्या रेल्वेवर आहे आणि जनरलच्या तिकिटात जाता येतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, खास करून कॉलेजच्या पोरांसाठी आणि ज्यांच्या हातात पैसे कमी आहेत पण बघायची खरी इच्छा आहे त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. इथं पैसा कमी पडत नाही, वेळ कमी पडतो. संभाजीनगर शहरात उतरल्या उतरल्या गाडीवाले सांगतात की एका दिवसात वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद, घृष्णेश्वर, मकबरा, पाणचक्की सगळं दाखवतो. दाखवतातही, पण प्रत्येक ठिकाणी पाऊण तास. त्याच पैशात तुम्ही एसटीने दोन दिवस फिरू शकता, एक पूर्ण दिवस वेरूळ, एक पूर्ण दिवस अजिंठा. दोन्ही एका दिवसात करायचा विचारच करू नका, वेरूळ शहरापासून ३० किलोमीटर पश्चिमेकडं आणि अजिंठा १०० किलोमीटर उत्तरेकडं, दिशाच वेगळ्या आहेत, सगळा दिवस रस्त्यातच जाईल.

आधी वार ठरवा, तारीख मागून

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. हे लक्षात न ठेवल्यामुळं दर आठवड्याला माणसं गेटवरून परत जातात, लांबून लांबून आलेली, लहान लेकरं घेऊन आलेली, फार वाईट वाटतं बघून. सोमवार-मंगळवार अशी दोन दिवसाची सुट्टी असेल तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा हाच क्रम ठेवायचा, उलटं केलं तर दोन्हीकडं बंद गेट बघावं लागेल. बुधवार, गुरुवार, शुक्रवार यातले कुठलेही दोन दिवस सगळ्यात चांगले, गर्दी कमी. रविवार शक्यतो टाळाच.

त्यात पण एक अडचण असते, श्रावण. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला दर्शनाला प्रचंड गर्दी असते, वेरूळ गावात गाडी शिरत नाही. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला लोक रात्रभर शहरातून पायी चालत जातात, त्या रस्त्याची वाहतूक पण बदललेली असते. महाशिवरात्रीचं पण तसंच. दर्शनच करायचं असेल तर त्या दिवशी खुशाल जा, तो अनुभव वेगळाच आहे, पण लेणी निवांत बघायची असतील तर त्या महिन्यात बुधवार-गुरुवार धरा.

मोसमाचं म्हणाल तर पाऊस चांगला सुरू झाला की फेब्रुवारीपर्यंत कधीपण. पावसाळ्यात दोन्हीकडचे धबधबे चालू असतात आणि डोंगर हिरवेगार, फक्त पायऱ्यांवर शेवाळ असतं म्हणून चप्पल घालून जाऊ नका, पकड असलेले बूट घाला. एप्रिल-मे मध्ये मराठवाड्याचं ऊन काय असतं ते आपल्याला सांगायला नको, हा सगळा काळा पाषाण तापतो आणि दुपारी पाय ठेववत नाही, चित्रांच्या लेण्यांमध्ये तर बूट काढून जावं लागतं. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिनाला बऱ्याचदा तिकीट माफ असतं पण तेवढ्या ४० रुपयांसाठी एप्रिलमध्ये जाऊ नका असं माझं मत.

संभाजीनगरला पोचायचं

नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, परतूर, जालना या लाईनवरच्यांनी सरळ रेल्वे पकडावी. देवगिरी, तपोवन, नंदीग्राम, अजिंठा एक्सप्रेस, बऱ्याच गाड्या आहेत, जनरलचं तिकीट मोबाईलवर निघतं, आणि एसटीच्या तिकिटाच्या निम्म्याहून कमी पैशात पोचता. अशी गाडी निवडा की रात्री निघून पहाटे पोचेल, म्हणजे एका रात्रीचं लॉज वाचतं. झोप नीट होत नाही हे खरं, पण जमत असेल तर स्लीपरचं रिझर्वेशन करा, लॉजपेक्षा ते तरी स्वस्तच पडतं.

बीडवाल्यांना गेवराईवरून एसटी, गाड्या भरपूर आहेत. धाराशिवकडच्यांनी बीडमार्गे यायचं. लातूरकरांना दोन्ही पर्याय आहेत, थेट एसटी किंवा परभणीपर्यंत येऊन रेल्वे. मुंबई-नाशिककडून येणाऱ्या मित्रांना मनमाडवरून वळून येणाऱ्या गाड्या आहेत, आणि त्यांच्यासाठी अजून एक युक्ती खाली अजिंठ्याच्या भागात सांगतो.

स्टेशनवर उतरलात की सामान आधी मोकळं करा. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवता येते, अट एवढीच की बॅगला कुलूप पाहिजे आणि तुमच्याकडं प्रवासाचं तिकीट पाहिजे, म्हणून छोटं कुलूप घरूनच आणा आणि तिकीट फेकून देऊ नका. तिथून मध्यवर्ती बसस्थानक दीड-दोन किलोमीटर आहे, शेअर रिक्षा मिळतात, पहाटे थंडगार असतं तेव्हा पायी पण अर्ध्या तासाच्या आत पोचता. रिक्षात बसताना "मध्यवर्ती" असं स्पष्ट सांगा, कारण सिडकोचं बसस्थानक वेगळं आहे आणि ते भलत्याच बाजूला आहे.

राहायला स्टेशन रोड आणि पदमपुऱ्याकडं साधे लॉज आहेत, बसस्थानकाच्या आजूबाजूला पण आहेत. आधी खोली बघायची, पाणी येतं का बघायचं, मंगच पैसे द्यायचे. दोघं-तिघं मिळून एक खोली घेतली तर माणशी फार नाही पडत. दुसरा पर्याय म्हणजे पहिली रात्र वेरूळलाच काढायची, घृष्णेश्वराच्या आसपास भक्तनिवास आणि साधे लॉज आहेत, सकाळी उठून चालतच लेण्यांवर. पण मंग अजिंठ्याला जायला परत शहरात यावंच लागतं, म्हणून दोनच दिवस असतील तर मुक्काम शहरात बरा.

पहिला दिवस, वेरूळ

मध्यवर्ती बसस्थानकावर कन्नडकडं जाणारी गाडी बघायची, चाळीसगावकडच्या पण काही गाड्या तिकडूनच जातात, पण आता नवा हायवे झाल्यामुळं सगळ्याच त्या रस्त्याने जातील असं नाही. म्हणून चढायच्या आधी कंडक्टरला एकच प्रश्न विचारायचा, "वेरूळ लेणीला थांबते का?" लालपरीचं तिकीट ५०-६० रुपयांच्या घरात बसतं, तासभर लागतो. महिलांना एसटीत सगळीकडं अर्धं तिकीट आहे, ६५ च्या पुढच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट, फक्त आधार कार्ड सोबत ठेवायचं, म्हणजे आजी-आजोबांना घेऊन जायचं असेल तर उलट स्वस्तच पडतं. बस नसली तर काळीपिवळी असते पण ती गच्च भरल्याशिवाय हलत नाही, सकाळचा वेळ वाया जातो, तुमचं नशीब चांगलं असेल आणि ती भरत आली असेल तरच बसा.

सहा-साडेसहाच्या आसपासची गाडी मिळवायचा प्रयत्न करा. लेणी सूर्योदयाला उघडतात. तिकीट भारतीयांना ४० रुपये, ऑनलाईन काढलं तर थोडं कमी, १५ वर्षांच्या आतल्यांना लागत नाही. ऑनलाईन तिकीट आदल्या रात्रीच काढून स्क्रीनशॉट ठेवा, गेटवर उभं राहून नेटवर्क शोधत बसायला लागत नाही.

आता बघायचा क्रम. एकूण ३४ लेणी आहेत, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. गेटमधून आत गेलं की समोरच १६ नंबरचं कैलास. बहुतेक जण एक नंबरपासून सुरुवात करायची म्हणून उजवीकडं वळतात, तसं करू नका. सगळ्यात आधी कैलासात शिरा, कारण साडेनऊ-दहा वाजले की शाळांच्या आणि टूरवाल्यांच्या बसा येतात आणि मंग तिथं नुसता कल्ला असतो. सकाळी सात-साडेसातला तिथं तुम्ही, झाडणारी माणसं आणि पोपट एवढेच.

हे देऊळ बांधलेलं नाही, वरून खाली कोरत आणलेलं आहे, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण तिथं उभं राहून डोक्यात शिरायला वेळ लागतो. आधी डोंगरात तीन बाजूंनी खंदक खणून मधे एक अवाढव्य दगड वेगळा केला आणि मंग शिखरापासून सुरुवात करून पायापर्यंत आले. म्हणजे वरचं काम करताना खालचं सगळं आधीच ठरलेलं पाहिजे, कुठं हत्ती येणार, कुठं खांब येणार, कुठं पूल सोडायचा. चुकून जास्त दगड निघाला तर तो परत लावता येत नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, म्हणजे इसवी सन ७५० नंतरचा काळ, त्याच्या नावावर हे काम सांगतात. बडोद्याला सापडलेल्या सन ८१२ च्या ताम्रपटात या देवळाचा उल्लेख आहे, त्यात असं वर्णन आहे की आकाशातून जाणारे देव पण हे बघून थक्क झाले आणि ज्याने हे घडवलं त्या शिल्पकाराला स्वतःलाच प्रश्न पडला की हे आपल्या हातून झालं तरी कसं. बाराशे वर्षांपूर्वी लोकांना जे वाटलं तेच आपल्यालाही वाटतं, मला तर हे फार मोठं वाटतं.

आत काय चुकवू नये ते सांगतो. आत शिरताच समोर गजलक्ष्मी, मंग अंगणात दोन बाजूंना हत्ती आणि उंच ध्वजस्तंभ. उजव्या हाताने, म्हणजे दक्षिणेकडून चालायला लागलात की भिंतीवर रामायणाची पट्टी आहे, ओळीओळीने कोरलेली, डावीकडच्या म्हणजे उत्तरेकडच्या भिंतीवर महाभारताची. घाई न करता त्यातले प्रसंग ओळखायचा प्रयत्न करा, सोबत आजी असेल तर तिला विचारा, गाईडपेक्षा जास्त सांगेल. दक्षिण बाजूलाच रावण कैलास हलवतोय ते शिल्प, खाली रावणाची सगळी ताकद लागलीये आणि वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीये आणि शंकर निवांत बसलाय. ते शिल्प खाली जरा खोलात आहे, बरेच जण पुढून निघून जातात. मंग देवळाच्या जोत्याचे हत्ती बघा, अख्खं देऊळ त्यांच्या पाठीवर ठेवल्यासारखं कोरलंय. उत्तरेकडं लंकेश्वर लेणं आणि गंगा-यमुना-सरस्वतीचं छोटं दालन. वरच्या मजल्यावर मंडपाच्या छताला नजर लावून बघा, जुन्या गिलाव्याचे आणि रंगाचे तुकडे अजून शिल्लक आहेत, म्हणजे हा सगळा काळा दगड एकेकाळी पांढरा आणि रंगीत होता.

बाहेर आल्यावर कैलासाच्या उजव्या अंगाने डोंगरावर जाणारी पायवाट आहे, दहा-पंधरा मिनिटाचा चढ. वरून अख्खं देऊळ खाली दिसतं, मंडपाच्या छतावरचे सिंह दिसतात, आणि केवढा दगड काढलाय ते तिथूनच कळतं. कठड्याच्या आत थांबा. फोटोसाठी कडेला जाणारी पोरं बघितली की जीव वरखाली होतो, खाली सरळ उभा कडा आहे आणि पावसात दगड निसरडा असतो.

दहाच्या आसपास गर्दी वाढली की डावीकडं निघायचं, १७ नंबरपासून पुढं. इकडं फार कमी लोक येतात. २१ नंबरचं रामेश्वर लेणं अजिबात सोडू नका, व्हरांड्यात मगरीवर उभी असलेली गंगा आहे, आणि आत शिव-पार्वतीच्या लग्नाचा प्रसंग. पुढं २९ नंबर, धुमार लेणं, बाजूलाच येळगंगेचा धबधबा, पावसाळ्यात तिथं बसून राहावंसं वाटतं. घारापुरी बघितलेल्यांना हे लेणं बघून तिची आठवण येईल, तसाच मोठा मंडप आणि तसेच खांब.

जैन लेणी अजून पुढं आहेत, कैलासापासून दीडेक किलोमीटर. गाडीची सोय असते पण चालत गेलात तर पैसे वाचतात आणि रस्ता पण छान आहे. ३२ नंबर, इंद्रसभा, वरच्या मजल्यावर जाच. खांबांचं काम इतकं बारीक की हे पण त्याच काळ्या पाषाणात आहे हे खरं वाटत नाही, छतावर रंग शिल्लक आहेत आणि आंब्याच्या झाडाखाली बसलेली अंबिका आहे.

जेवणाचं. घरून धपाटे आणि दशम्या न्या, सोबत शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. दशमी दुधातली असली तर दोन दिवस आरामात टिकते, आणि दोन्ही दिवसाचं दुपारचं जेवण त्यातच निघतं, हॉटेलचा खर्च मोठा असतो तो सगळा वाचतो. फक्त लेण्यांच्या आत बसून खाऊ नका, बाहेर झाडाखाली बसा, आणि वानरांपासून पिशवी सांभाळा. चहा-पोहे गेटबाहेर मिळतात, गावात थाळी पण मिळते. पाण्याच्या दोन बाटल्या भरून न्या, विकतच्या पाण्यावरच शंभर रुपये जातात.

दुपारी जेवून उजवीकडची, म्हणजे बौद्ध लेणी. हे मुद्दाम दुपारी ठेवायचं कारण असं की वेरूळची सगळी लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत, दुपारनंतर ऊन आत शिरतं. आधी वाटेतलं १५ नंबर दशावतार, हे हिंदू लेणं, पायऱ्या चढून वरचा मजला, तिथला हिरण्यकश्यपूला धरलेला नरसिंह बघा, बाहेरच्या मंडपावर दंतिदुर्गाचा शिलालेख आहे, कैलासवाल्या कृष्णाच्या आधीचा राजा. मंग १२ नंबर तीन ताल, बाहेरून एकदम साधं, सरकारी इमारतीसारखं वाटतं, पण तिसऱ्या मजल्यावर गेलं की रांगेत बसलेले बुद्ध. ५ नंबरमध्ये लांबच्या लांब दगडी बाक आहेत. आणि १० नंबर, विश्वकर्मा, ते शेवटी ठेवा, चारच्या आसपास. त्याच्या छताला लाकडी घराच्या वाशांसारखे वासे दगडात कोरलेत, समोर स्तूप आणि स्तूपाला टेकून बसलेले बुद्ध, आणि दर्शनी भागातल्या खिडकीतून उतरतं ऊन आत येतं. तिथं आवाज घुमतो म्हणून लोक ओरडून बघतात, तुम्ही कृपा करून ओरडू नका, एखादा भिक्खू किंवा लांबून आलेलं कोणी तिथं वंदना करत बसलेलं असतं.

संध्याकाळी वेळ आणि ताकद असेल तर चालत घृष्णेश्वर, बारावं ज्योतिर्लिंग, आताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. पुरुषांना गाभाऱ्यात जायला शर्ट-बनियन काढावं लागतं, हे आधीच माहीत असलं की गोंधळ होत नाही. वेरूळ म्हणजे मालोजीराजांचं, शिवरायांच्या आजोबांचं गाव, हे पण लक्षात असू द्या. परतीची गाडी अंधार पडायच्या आत पकडा, नंतर गाड्या कमी आणि असलेल्या भरलेल्या.

दुसरा दिवस, अजिंठा

इथं नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो ते उतरायच्या ठिकाणी. जळगावची गाडी पकडायची, फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, मंग अजिंठा गाव लागतं. कंडक्टर "अजिंठा, अजिंठा" म्हणतो आणि लोक धडाधड उतरतात. लेणी तिथं नाहीत. ते घाटाच्या वरचं गाव आहे, लेणी घाट उतरून पलीकडं, रस्त्याने दहा-बारा किलोमीटर पुढं. तुम्हाला उतरायचंय फर्दापूरच्या अलीकडं लेणीच्या टी-पॉइंटला. तिकीट काढतानाच "अजिंठा लेणी टी-पॉइंट" म्हणा, आणि घाट उतरेपर्यंत जागेवरून उठू नका.

अंतर १०० किलोमीटरच्या वर आहे, अडीच-तीन तास धरा, तिकीट पावणेदोनशे-दोनशेच्या दरम्यान. लेणी नऊला उघडतात, म्हणून पहाटे साडेपाच-सहाची गाडी पाहिजे. सोप्या हिशोबाने सांगायचं तर नऊला आत असलेला माणूस आणि साडेअकराला आत आलेला माणूस यांनी दोन वेगळी अजिंठा बघितलेली असतात.

टी-पॉइंटला खासगी गाड्या पण थांबवतात, पुढचे चार किलोमीटर सगळ्यांनाच तिथल्या बसने जावं लागतं. तिथं सुविधा शुल्क आणि बसचं तिकीट असे थोडे वेगळे पैसे लागतात, सुट्टे जवळ ठेवा, मोबाईलचं नेटवर्क त्या दरीत ये-जा करतं. दुकानांच्या रांगेतून जावं लागतं, चकाकणारे स्फटिकाचे दगड विकणारे मागं येतील. घ्यायचे नसतील तर एकदाच हात जोडून स्पष्ट नाही म्हणा, "येताना बघू" म्हणू नका, ते खरंच येताना वाट बघतात आणि त्यांचा पण धंद्याचा वेळ जातो. लेण्यांचं तिकीट इथं पण ४० रुपये. मंग पायऱ्यांचा चढ आहे, वयस्कर माणसांसाठी डोलीवाले असतात.

वाघोरा नदीने घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय, त्या कड्यात ही ३० लेणी. दोन टप्प्यात झालेली, ९ आणि १० नंबर सगळ्यात जुनी, इसवी सनाच्या आधीची, सातवाहनांच्या काळातली. बाकी बहुतेक सगळी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, १६ नंबर त्याच्याच वराहदेव नावाच्या मंत्र्याने करवून घेतलं, तसा शिलालेख आहे तिथं. नंतर हे सगळं जंगलात झाकून गेलं आणि १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला समोरच्या डोंगरावरून दिसलं. त्याने १० नंबरच्या खांबावरच्या चित्रावर खरडून २८ एप्रिल १८१९ अशी तारीख आणि नाव घातलंय. जवळच्या गावच्या लोकांना लेणी आधीपासून माहीत असणारच, पण जगाला कळली ती तिथून पुढं.

नऊला आत गेलात तर सरळ १ नंबर, कारण तिथं नंतर रांग लागते आणि एका वेळी ठराविकच माणसं आत सोडतात. आत अंधार आहे, चित्रांना त्रास होऊ नये म्हणून दिवे मंद ठेवलेत. बाहेरच्या उन्हातून आल्यावर काहीच दिसत नाही आणि लोक "काही नाही इथं" म्हणून लगेच बाहेर पडतात. पाच मिनिटं गप उभं राहा. डोळे सरावले की हळूहळू रंग वर यायला लागतात. गाभाऱ्याच्या डाव्या हाताला हातात कमळ घेतलेला पद्मपाणी, उजवीकडं वज्रपाणी. पद्मपाणीच्या चेहऱ्यावरचा भाव फोटोत येत नाही, माझ्या मते अख्ख्या सहलीत दुसरं काही नाही झालं आणि ही पाच मिनिटं मिळाली तरी येणं सार्थकी लागलं. फ्लॅश अजिबात मारायचा नाही, मोबाईलचा टॉर्च चित्रावर मारायचा नाही, भिंतीला हात लावायचा नाही. ही चित्रं शेण-माती-भुशाच्या गिलाव्यावर काढलीयेत, पक्की वाटतात पण फार नाजूक आहेत. त्यातला निळा रंग ज्या दगडाचा आहे तो अफगाणिस्तानकडून आलेला, म्हणजे आपल्या सोयगाव तालुक्यातल्या या दरीत तेव्हा कुठून कुठून माल येत होता बघा.

मंग २ नंबर, त्याचं छत. मंग १६ आणि १७. सगळ्यात जास्त चित्रं १७ मध्ये आहेत, तिथं जातककथा भिंतीभर पसरल्यात, राजवाडे, बाजार, हत्ती, समुद्रातली जहाजं, म्हणून जायच्या आधी दोन-चार जातककथा वाचून जा, वेस्संतर आणि सिंहल यांच्या तरी. नाहीतर नुसती माणसांची गर्दी दिसते आणि कोण कोणाचं काय लागतं ते कळत नाही. वाचून गेलात तर गाईड नसला तरी चालतं. गाईड करायचाच असेल तर सरकारी ओळखपत्र असलेला करा आणि गेटवर अजून एखादा छोटा ग्रुप शोधून पैसे वाटून घ्या, सहसा लोक तयार होतात.

मधली अर्धवट सोडलेली लेणी लोक टाळतात, तुम्ही २४ नंबर नक्की बघा. छिन्नीच्या खुणा, कुठं खांब सुटा होत होता, कुठं काम थांबलं ते सगळं दिसतं, लेणं कसं कोरायचे हे त्याच्यातूनच कळतं. शेवटी २६ नंबर, डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाची मूर्ती, सात मीटरच्या आसपास लांब, उजव्या कुशीवर पहुडलेले बुद्ध, खाली रडणारे शिष्य आणि वर आनंदलेले देव.

दुपारनंतर जमलं तर नदीवरचा पूल ओलांडून समोरच्या टेकडीवर चढा. अख्खा कडा एका नजरेत दिसतो. साडेचारला तिथून निघायचंच, टी-पॉइंटची बस पकडायची, आणि हायवेला संभाजीनगरच्या बाजूला उभं राहायचं. जळगावहून येणाऱ्या गाड्या भरून येतात, हात करून थांबवावं लागतं, पाच-साडेपाचपर्यंत मिळून जाते.

मुंबई-नागपूर लाईनवरच्यांसाठी ती युक्ती अशी, परत संभाजीनगरला येऊच नका. क्लोकरूमची बॅग सकाळीच सोबत घ्या, अजिंठा शेवटच्या दिवशी ठेवा आणि टी-पॉइंटवरून उलट दिशेने जळगावला निघा, साठ किलोमीटरच आहे, तिथून मेन लाईनच्या गाड्याच गाड्या.

तिसरा दिवस मिळाला तर

देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला. भिल्लम यादवाची राजधानी, आणि १३२७ मध्ये तुघलकाने दिल्लीची राजधानी इथं आणली ते हेच. वेरूळच्याच रस्त्यावर, शहरापासून १५ किलोमीटर. त्याला सकाळचा अर्धा दिवस पूर्ण द्या, वेरूळच्या दिवसात कोंबू नका, चढच दमवणारा आहे. चांदमिनार, पाण्याचा खंदक, मेंढा तोफ, आणि ती अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता, तिथं वटवाघळं असतात, टॉर्च पाहिजेच. खाली सीताफळाच्या मोसमात सीताफळं आणि एरवी पेरू मस्त मिळतात.

खर्च

संभाजीनगरला उतरल्यापासून परत रेल्वेत बसेपर्यंत, दोन दिवसाचा एसटीचा खर्च, दोन्हीकडची तिकिटं, टी-पॉइंटची बस, खोलीतला वाटा, चहापाणी आणि रात्रीचं साधं जेवण धरून माणशी दीड हजाराच्या आसपास काम होतं, दशम्या सोबत असतील तर. मुलींना एसटीच्या अर्ध्या तिकिटामुळं अजून सव्वादोनशे-अडीचशे कमी. एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास पण असतो, चार दिवसाचा आणि सात दिवसाचा, पण फक्त या दोन ठिकाणांसाठी तो परवडत नाही. तुम्ही लातूर किंवा धाराशिवहून एसटीनेच येणार आणि पुढं पैठण, लोणार वगैरे पण करणार असाल तेव्हा तो काढा, आणि काढताना आगारात विचारून घ्या की कुठल्या कुठल्या गाड्यांना चालतो.

पिशवीत एवढं असू द्या: आधार कार्ड, सुट्टे पैसे, छोटं कुलूप, दोन बाटल्या, टॉर्च, टोपी, आणि पायमोजे, कारण चित्रांच्या लेण्यात बूट बाहेर काढावे लागतात आणि दुपारी फरशी तापलेली असते.